आपल्या कुत्र्या-मांजरासाठी पशुवैद्य कसा निवडाल?



आजचा पाठ तुम्हाला परिसर अभ्यासाच्या पुस्तकात सापडणार नाही. पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे. त्याला रोज भाकरी-दूध देणं आपल्याला जमतं. पण ते आजारी पडलं की घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, "आता न्यायचं कुठं?" या एका प्रश्नाचं उत्तर आज आपण नीट शिकणार आहोत. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मोतीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या गावच्या शाळेत होतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांनी शाळेमागच्या गवतातून एक पिल्लू उचलून आणलं. दोन-अडीच महिन्यांचं असेल. पांढरं, कपाळावर तपकिरी ठिपका. मुलांनी लगेच बारसं केलं आणि मोती नाव ठेवलं. दिवसा मोती शाळेत, रात्री माझ्या खोलीवर. मुलं डब्यातली चपाती त्याच्यासाठी राखून ठेवायची.

पंधरा दिवसांनी एका सकाळी मोती उठेना. पिवळा फेस ओकला. दुपारपर्यंत जुलाब सुरू झाले. संध्याकाळी त्यात रक्त दिसायला लागलं आणि खोलीभर कुबट वास पसरला. मी घाबरलो. शेजारी म्हणाले, "अहो, डॉक्टरांना बोलवा की!" गावात एक गृहस्थ मोटारसायकलवरून फिरायचे. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचे, अडीअडचणीला इंजेक्शनही द्यायचे. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. ते आले, मोतीला हातही न लावता लांबून पाहिलं, दोन इंजेक्शनं दिली, पैसे घेतले आणि म्हणाले, "सकाळपर्यंत उड्या मारंल." मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

सकाळी मोतीला मान उचलता येत नव्हती. मग चौदा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी हिरड्या पाहिल्या, कातडी चिमटीत धरून सोडली, ताप मोजला आणि मला विचारलं, "काल काय औषध दिलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठी नव्हती, औषधाचं नाव नव्हतं, रिकामी बाटलीसुद्धा नव्हती. मॅडम म्हणाल्या, "पार्व्हो दिसतोय. अंगातलं पाणी पार गेलंय. काल सलाईन लागलं असतं तर संधी होती." त्यांनी शिरेतून सलाईन लावलं, जमेल ते सगळं केलं. दुपारी मोती गेला.

पण त्यांचं काम तिथे संपलं नाही. त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला, "हे पिल्लू शाळेत होतं ना? कुणा मुलाला चावलं, ओरबाडलं होतं का?" मला आठवलं, एका मुलाच्या बोटाला खेळताना दात लागला होता. मी ते विसरूनच गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "पार्व्हो माणसाला होत नाही. पण पिल्लू कुठून आलं ते माहीत नाही, लस नाही, आणि आता ते मेलंय. त्या मुलाला आजच आरोग्य केंद्रात पाठवा." त्याच दिवशी त्याच्या आई-वडिलांना घेऊन आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो आणि रेबीजच्या लशीचा पहिला डोस दिला. पुढचेही सगळे डोस पूर्ण केले.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला चांगले डॉक्टर आधीच माहीत नव्हते का?"

मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचा पाठ. एका वाक्यात सांगायचं तर, पशुवैद्य शोधायचा दिवस म्हणजे आपलं जनावर ठणठणीत असतानाचा दिवस. आजारपणात आपण निवड करत नाही, मिळेल त्याच्याकडे धावतो.

पशुवैद्य म्हणजे नेमकं कोण?

इंजेक्शन देता येणारा प्रत्येक माणूस डॉक्टर नसतो. भारतात यासाठी कायदा आहे, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. या कायद्यानुसार पशुवैद्य म्हणून उपचार करायचे तर मान्यताप्राप्त पदवी आणि राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी, दोन्ही हवीत. आपल्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे.

ती पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. बारावी विज्ञानात जीवशास्त्र घेऊन, नीट परीक्षा देऊन या शिक्षणाला प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो, त्यातलं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. त्यापुढे शस्त्रक्रिया, औषधशास्त्र अशा विषयांत एम.व्ही.एस्सी. करता येतं. ज्या मुलांना प्राण्यांची आवड आहे त्यांनी हे वहीत लिहून ठेवा!

म्हणून पहिली खूण अगदी सोपी. दवाखान्याच्या फलकावर किंवा चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. दिसला नाही तर विचारा, "डॉक्टर, आपला नोंदणी क्रमांक काय?" यात अपमान काही नाही. खरा पशुवैद्य तो आनंदाने सांगतो.

गावात आपल्याला आणखी काही माणसं भेटतात. पशुधन पर्यवेक्षक असतात. त्यांनी पदविका घेतलेली असते आणि नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली ते प्राथमिक सेवा देऊ शकतात. लसीकरणाच्या मोहिमांत वाड्या-वस्त्यांवर जाणारी हीच माणसं. त्यांचं काम मोलाचं आहे. कृत्रिम रेतन करणाऱ्यांचंही आपलं एक कौशल्य आहे. पण रक्ताचे जुलाब होणारं पिल्लू त्यांच्या कौशल्याच्या बाहेरचं असतं. कुणाकडे कशासाठी जायचं हे न कळणं ही माझी चूक होती.

शोधायचं कुठं?

१) सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. आपण त्याला 'गुरांचा दवाखाना' म्हणतो आणि त्या नावामुळेच कुत्र्या-मांजराला तिथे न्यायचं आपल्या डोक्यात येत नाही. तिथे कुत्र्या-मांजरांनाही तपासतात. दवाखान्याच्या फलकावर 'श्रेणी-१' किंवा 'श्रेणी-२' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुवैद्य म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी-२ चं रोजचं काम मुख्यतः पदविकाधारक पाहत आले आहेत. म्हणून डॉक्टर कोणत्या वारी, कोणत्या वेळी असतात ते एकदा जाऊन विचारून या. गावोगावच्या फेऱ्यांमुळे ते दुपारी बाहेर असू शकतात.

२) तालुक्याचं आणि जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय. तालुक्याला लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं सर्वचिकित्सालय असतं. ऑपरेशन, एक्स-रे अशा गोष्टींसाठी ते उपयोगी पडतं. मात्र कोणती सोय सध्या चालू आहे हे फोन करून विचारा.

३) पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. अकोल्यालाही पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आहे. तुम्ही जवळपास राहत असाल तर अवघड आजारासाठी हा मोठा आधार आहे. मुंबईचं महाविद्यालय तर १८८६ सालचं. त्याच्या शेजारचं परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुने मुंबईकर 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ओळखतात. आज तिथे कुत्र्या-मांजरांचीही रांग असते.

४) खाजगी दवाखाना. शहरात आणि आता तालुक्याच्या गावांतही कुत्र्या-मांजरांवर भर देणारे खाजगी पशुवैद्य आहेत. चांगली माहिती जुन्या मांजर-कुत्री पाळणाऱ्यांकडून मिळते. पण त्यांना "डॉक्टर चांगले आहेत का?" एवढंच विचारू नका. "तुमचं जनावर खूप आजारी होतं तेव्हा त्यांनी काय केलं?" असं विचारा. उत्तरात खूप काही कळतं.

५) १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. यावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा मिळते. ती प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे. आपल्या भागात कुत्र्या-मांजरासाठी काय मदत मिळेल ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

एक गोष्ट विसरू नका, ती म्हणजे अंतर. शहरातले नावाजलेले डॉक्टर साठ किलोमीटरवर असतील तर पार्व्होच्या रात्री त्यांचा उपयोग किती? रोजचा डॉक्टर जवळचा असावा आणि अवघड दुखण्यासाठी मोठं रुग्णालय माहीत असावं. दोन्ही हवेत.

पहिली भेट कशी द्यायची?

जनावर निरोगी असताना लस किंवा जंताचं औषध या निमित्ताने दवाखान्यात जा. मांजर असेल तर हातात धरून नेऊ नका, गाडीच्या हॉर्नने बिचकून ते निसटतं. झाकण असलेली टोपली किंवा पिंजरा घ्या आणि आत त्याच्या रोजच्या अंथरुणाचा तुकडा टाका. कुत्र्याला पट्टा आणि दोरी हवीच.

तिथे गेल्यावर डोळे उघडे ठेवा. मी स्वतः या गोष्टी पाहतो.

१) डॉक्टर जनावराला हात लावतात का? चांगला पशुवैद्य आधी विचारतो की खातंय का, पाणी पितंय का, शी-शू कशी आहे, घरात आणखी कोणती जनावरं आहेत. मग वजन करतो, ताप मोजतो, हिरड्या-डोळे-कान पाहतो, पोट चाचपतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. म्हणून 'अंग गरम लागतंय' एवढ्यावरून ताप ठरत नाही, थर्मामीटर लागतो. वजनाचंही तसंच. औषधाचा डोस वजनावर असतो. अंदाजाने डोस देणाऱ्यापासून सावध राहा, कारण दीड किलोच्या पिल्लाच्या बाबतीत अर्ध्या किलोची चूक फार मोठी असते.

२) टेबल पुसतात का? एक जनावर गेल्यावर दुसरं येण्याआधी टेबल जंतुनाशकाने पुसलं पाहिजे. पार्व्होचा विषाणू चिवट असतो. तो जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही, ब्लिचिंगसारखं औषध लागतं. उलट्या-जुलाबाचं पिल्लू आणि लस घ्यायला आलेलं पिल्लू एकाच बाकड्याखाली बसवत असतील तर तो दवाखाना धोक्याचा.

३) लस कुठून काढतात? लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती फ्रिजमधून तुमच्यासमोर निघाली पाहिजे. लोडशेडिंगच्या काळात काय सोय करता, हेही विचारायला हरकत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतली लस टोचली तर जाते, पण तिचा भरवसा उरत नाही.

४) लिहून देतात का? हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा. लसीकरणाच्या कार्डावर तारीख, लशीच्या बाटलीवरचं लेबल, डॉक्टरांची सही आणि पुढची तारीख हवी. आजारपणात औषधाचं नाव, किती आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर हवं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तीच चिठ्ठी तुमच्या जनावराच्या वतीने बोलते. मोतीच्या वतीने बोलायला काहीच नव्हतं.

५) तुमच्याशी कसं बोलतात? गर्दीत डॉक्टर दमलेले असतात, एखाद्या दिवशी तुटक बोलतात, ते समजून घ्यावं. पण तुमच्या प्रश्नाला उत्तरच न देणं वेगळं. आणि "मला नक्की कळत नाही, रक्त तपासू या" किंवा "हे माझ्याकडे होणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या" असं म्हणणारा डॉक्टर कमी समजू नका. उदाहरणार्थ, गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रा मलूल होतो, जेवण सोडतो. हीच लक्षणं इतर दहा आजारांत दिसतात. तिथे रक्ताची तपासणी सांगणारा डॉक्टर पैसे काढत नसतो, नेम धरत असतो.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

हे प्रश्न वहीत लिहून न्या. मी तसंच करतो.

१) रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काय करायचं? प्रत्येक डॉक्टर चोवीस तास उपलब्ध नसतो, तीही माणसंच. पण "मी नसलो तर अमुक ठिकाणी जा" एवढं तरी उत्तर हवं.

२) माझ्या जनावराला कोणत्या लशी, कधी? कुत्र्याच्या पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे आजारांची एकत्रित लस सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत ती ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. एकच टोचून थांबलात तर संरक्षण अर्धवट राहतं. मांजरांची लस वेगळी असते. रेबीजची लस मात्र दोघांनाही, साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, आपल्याकडे बहुधा दरवर्षी.

३) सलाईन, ऑक्सिजन, रक्ततपासणी, एक्स-रे यातलं इथे काय होतं? जे होत नाही ते कुठे होतं?

४) नसबंदीचं ऑपरेशन करता का? त्याआधी किती तास उपाशी ठेवायचं, भूल कोण देतं, नंतर टाके कधी दाखवायचे, हे डॉक्टरांनी नीट सांगायला हवं.

५) मांजरांचा अनुभव आहे का? मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. माणसाचं पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कारण ते औषध निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधंसुद्धा मांजराला चालत नाहीत. म्हणून घरातलं किंवा मेडिकलमधलं औषध मनाने देऊ नका, कुत्र्यालाही नाही.

६) फी किती? हे विचारायला आपण लाजतो आणि नंतर कुरकुर करतो. तपासणीचे, लशीचे, ऑपरेशनचे साधारण किती, हे आधी विचारा. पैशाची अडचण असेल तर तीही मोकळेपणाने सांगा. चांगला डॉक्टर आधी काय गरजेचं आणि काय थांबू शकतं, हे वेगळं करून सांगतो. सरकारी दवाखान्यात खर्च बराच कमी येतो.

कुठून मागे फिरायचं?

पुढच्या गोष्टी दिसल्या तर दुसरा डॉक्टर शोधा. न तपासता दर वेळी तेच इंजेक्शन. औषधाचं नाव विचारलं की राग. लशीच्या कार्डावर मागची तारीख टाकून द्यायची तयारी. "शंभर टक्के बरं करतो" अशी हमी. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे, "पिल्लू आहे, चावलं तरी काही होत नाही" असं म्हणणारा माणूस. त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका.

कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो आजार जवळपास नेहमीच जीव घेतो, माणसाचाही आणि जनावराचाही. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. कुत्रा-मांजर चावलं, ओरबाडलं किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नका. आणि माणसाला घेऊन थेट माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा. पशुवैद्य जनावराला पाहील, तुमची लस तुम्हाला आरोग्य केंद्रातच मिळेल. मुलांनो, ओरडा बसेल या भीतीने चावा लपवू नका. घरी सांगा, शाळेत सांगा. कुणीही रागावणार नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

डॉक्टर निवडून ठेवले तरी फोन कधी करायचा ते कळलं पाहिजे. खालीलपैकी काही दिसलं तर 'सकाळी बघू' म्हणू नका.

• पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब.
• बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, ओरडतो, पण लघवी होत नाही.
• मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही.
• झटके येणं, शुद्ध हरपणं.
• हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी दिसणं.
• उन्हाळ्यात जोरात धापा, लाळ, झोकांड्या. सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि निघा.
• उंदराचं औषध, कीटकनाशक किंवा माणसाची गोळी पोटात जाणं. पाकीट सोबत न्या.
• साप चावल्याची शंका.

यातला बोक्याचा मुद्दा मी अनुभवातून सांगतोय. मोतीनंतर बरीच वर्षं मी घरात जनावर आणलं नाही. मग बदली झाली, नव्या गावात एक पिवळा बोका आपण होऊनच राहायला आला. नाव खंडू. या वेळी मी पहिल्याच आठवड्यात त्याला टोपलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांचा फोन, वेळ आणि 'ते नसतील तर कुठे' हे सगळं एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं. घरातल्यांनी माझी थट्टा केली, "मास्तरांचा बोका, त्यालाही वेळापत्रक!"

दोन वर्षांनी एका रविवारी संध्याकाळी खंडू कोपऱ्यात बसून कण्हायला लागला. घरातले म्हणाले, बद्धकोष्ठ असेल. मी दारामागचा कागद पाहून फोन लावला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटची लघवी कधी केलेली पाहिली?" कुणालाच आठवेना. ते म्हणाले, "आत्ता या." मूत्रमार्ग तुंबला होता. भूल देऊन, नळी घालून त्यांनी तो मोकळा केला. म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं."

खंडू आत्ता हे लिहिताना माझ्या वहीवर बसलाय.

आपलीही जबाबदारी

चांगला डॉक्टर मिळणं ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी आपल्या हातात आहे. दिलेल्या वेळेला जा. औषधाचा कोर्स पूर्ण करा, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांपासून काही लपवू नका. आधी दुसऱ्याकडून उपचार घेतले असतील तर सांगा, मनाने गोळी दिली असेल तर तेही सांगा. कार्ड जपून ठेवा. पुणे-मुंबईसारख्या शहरांत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला मागतात, तेव्हाही हेच कार्ड कामाला येतं. आणि जनावर वाचलं नाही तर प्रत्येक वेळी डॉक्टरांचीच चूक असते असं धरून चालू नका. मोतीला नेलं तेव्हा मॅडमनी हात टेकले नव्हते. उशीर माझ्याकडून झाला होता.

उपक्रम : दारामागचा कागद

एका कोऱ्या कागदावर पुढील माहिती भरा आणि घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा.

• जनावराचं नाव, वय, वजन
• जवळच्या पशुवैद्याचं नाव, फोन, वेळ
• ते नसतील तर जायचं ठिकाण आणि फोन
• मोठ्या रुग्णालयाचं नाव आणि अंतर
• रेबीज लसीची मागची आणि पुढची तारीख
• माणसाला चावल्यास जायचं आरोग्य केंद्र
• रात्री वाहन कोणाचं मिळेल

शेवटची ओळ गावातल्या मुलांनी जरूर भरावी. डॉक्टर माहीत असून वाहन नाही म्हणून रात्र गेली, असं होऊ नये.

स्वाध्याय

१) पशुवैद्य नोंदणीकृत आहे हे कसं ओळखाल?
२) "लस दिली" एवढं पुरेसं का नाही? कार्डावर काय काय असावं?
३) मांजराला पॅरासिटामॉल का देऊ नये?
४) कुत्रा चावल्यावर पहिल्या १५ मिनिटांत काय कराल?
५) तुमच्या गावापासून जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किती अंतरावर आहे? गटाने तिथे भेट द्या, डॉक्टरांची मुलाखत घ्या आणि दहा ओळी लिहा.

मित्रांनो, जनावराला बोलता येत नाही, पत्ता विचारता येत नाही, डॉक्टर निवडता येत नाही. ते काम आपल्याला करावं लागतं, आणि तेही वेळ असताना. तुमच्या घरी कुत्रा किंवा मांजर असेल तर आज संध्याकाळी तो कागद लिहायला घ्या. सगळ्या ओळी भरता आल्या नाहीत तर ज्या रिकाम्या राहिल्या त्यापासून उद्या सुरुवात करा.